माझा अनुभव : दुसऱ्या डबीची वाट

आमच्या तीन वर्षांच्या लेकाचे दोन्ही पाय अचानक लुळे पडले. निदान लवकर झालं, जीबीएस (गिलेन-बॅरे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते). 2025 च्या जानेवारीत पुण्यात साथ आली तेव्हापासून हे नाव घरोघरी माहीत आहे, त्यामुळे इंजेक्शनं, खर्च, रडारड यावर मी लिहीत नाही. लिहायचंय ते शीच्या डब्यांबद्दल. तो राग अजून गेलेला नाही.

पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचे हातपाय असे अचानक लुळे पडले की ‘एएफपी’ची (अचानक आलेल्या लुळेपणाची) केस म्हणून कळवावंच लागतं, डॉक्टरांचं निदान काही का असेना. मग पोलिओसाठी शी तपासतात. नमुने दोन, मध्ये किमान 24 तास, आणि दोन्ही लुळेपणा सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत. हे मला नंतर समजलं. सिस्टरने तेव्हा डबी हातात दिली आणि म्हणाली, “यात भरून द्या.”

पहिली डबी गेली. दुसरी अडली. पायांत जोर नाही, त्याला भांड्यावर बसवता येईना, आणि झोपून त्याला होईना. त्यात पोट जड. मनुकांचं पाणी, पपई, बेंबीभोवती हिंग, सगळं झालं. सासूबाई दर तासाला “झाली का?” विचारायच्या, आणि फोनवरून आरोग्य खात्याचे साहेबही तेच विचारायचे. शेवटी मध्यरात्री झाली. धावत डबी घेऊन गेले, तर नमुना ठेवायचा बर्फाचा डबा कुठे आहे हे रात्रपाळीला कुणालाच ठाऊक नाही. डबी खिडकीत राहिली. सकाळच्या बाई म्हणाल्या, “ही चालणार नाही, थंड राहायला हवी होती,” आणि टाकून दिली. मी भांडले. पुन्हा मनुका, पुन्हा वाट.

साहेबांना विचारलं, डॉक्टर जीबीएस म्हणतायत, सगळे डोस झालेत, मग हा छळ कशाला? उत्तर आलं, “प्रोटोकॉल आहे मॅडम.”

नीट सांगितलं ते आमच्या आशाताईंनी, दवाखान्याच्या जिन्यात उभ्या उभ्या. पोलिओचा विषाणू तोंडावाटे जातो, आतड्यात वाढतो, शीतून बाहेर पडतो. मग घाण पाणी, न धुतलेले हात, आणि दुसऱ्या मुलाचं तोंड. लागण झालेल्या साधारण दोनशेंत एकालाच कायमचा लुळेपणा येतो, बाकीची पोरं हसतखेळत तो पसरवतात. डोस न घेतलेली मुलं आणि उघडी गटारं एकत्र असली की त्याचं फावतं. म्हणून एकही लुळा पाय न तपासता सोडायचा नाही. शीत विषाणू प्रत्येक वेळी सापडेलच असं नसतं, म्हणून दोन डब्या. आपल्याकडचा मूळ (लसीतून न आलेल्या) विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याकडची मुलगी. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून आहे. एवढं बोलायला साहेबांना किती वेळ लागला असता?

कार्ड मात्र आमचं चोख निघालं, हे मिरवून सांगते. जन्मल्यावरचे पोलिओचे थेंब, मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे, दीड वर्षाचा बूस्टर. दंडातली पोलिओची सुई दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांची. नवव्या महिन्याची ती 2023 पासून आली, बऱ्याच जणी गोवरच्या लसीच्या गडबडीत तिची नोंद बघत नाहीत. पल्स पोलिओच्या रविवारचे थेंब जादाचे, ते कार्डावरच्या डोसांऐवजी नसतात. दोन्ही घ्यायचे. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, वॉर्डात येणारा प्रत्येक जण तेच मागतो.

नमुने मुंबईला गेले. रिपोर्ट आपणहून कुणी सांगत नाही, मी फोन करत राहिले तेव्हा कळलं, पोलिओ नाही. लेक आता जिने चढतो.

आणि हो, डायपर असेल तर आत प्लॅस्टिक अंथरा, नाहीतर सगळं त्यातच शोषलं जातं. मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढी शी लागते. बर्फाचा डबा कुठे आहे ते संध्याकाळीच विचारून ठेवा, आणि डबीवरचं नाव-तारीख स्वतः वाचा.