वेळणेश्वर ते हेदवी, खडपातून आणि सड्यावरून

समुद्रकिनाऱ्याने पायी जायचे असेल तर बेत घड्याळावर नव्हे, तिथीवर आखावा लागतो, हे आम्हा पुण्याच्या चौदा जणांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. गडावर जाताना आपण ऊन, पाऊस आणि परतीची एसटी यांचा विचार करतो. वाट मात्र सकाळी असते तिथेच संध्याकाळीही असते. किनाऱ्यावर तसे नसते. गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरहून शनिवारी हेदवीपर्यंत आणि रविवारी पुढे नरवणपर्यंत, जमेल तिथे खडपातून, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या किनाऱ्याच्या खडकांतून, आणि नाही तिथे वरच्या सड्यावरून, म्हणजे कड्यावरच्या जांभ्याच्या पठारावरून चालायचे, असे ठरले होते आणि आखणीची जबाबदारी माझ्याकडे होती.

कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. आम्ही निवडलेल्या शनिवारी मार्गशीर्ष वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेसातच्या आसपास, पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी तीच वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशेब मी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिला आणि तो अर्ध्या तासाच्या आत जुळला. पौर्णिमा नुकतीच झालेली असल्यामुळे उधाणाचे दिवस होते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसे आत जात नाही आणि फारसे वरही येत नाही. उधाणात मात्र ते दूरवर ओसरते आणि एरवी बुडालेले खडक चालायला मोकळे होतात. म्हणूनच मी हा शनिवार-रविवार मुद्दाम धरला होता. मात्र जे पाणी जास्त ओसरते ते जास्त चढतेही, आणि तेवढ्याच सहा तासांत चढते. त्यातही पहिल्या तासात एकूण चढाचा फक्त बारावा हिस्सा भरतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत तीन-तीन, म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते. आमच्यासाठी ती वेळ साडेनऊ ते साडेअकरा होती. त्याआधी खडप पार झाले पाहिजे, असे मी वहीत लिहून ठेवले होते.

प्रत्यक्षात कुंभार्ली घाटात गाडीचे चाक पंक्चर झाले आणि वेळणेश्वरला पोचायला पहाटेचे साडेचार वाजले. सगळे दमलेले होते. पावणेसातला निघायचे ठरलेले असताना मी लोकांना झोपू दिले, मग चहा झाला, पोहे झाले, देवळात दर्शन झाले, आणि आम्ही वाळूवर उतरलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. वही माझ्या खिशात होती. ती काढून मी त्याच क्षणी बेत बदलायला हवा होता, पण एवढ्या लांबून आलेल्या माणसांना खडपातली वाट दाखवायचीच, या हौसेपोटी मी गप्प बसलो. ही चूक पूर्णपणे माझी होती.

वाटाड्या म्हणून गावातले एक खारवी (मासेमार समाजातले) काका सोबत होते. निघायला उशीर झाला तेव्हा त्यांनी एकदाच पाण्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "बघू कुठवर जाता येतं ते," एवढेच ते म्हणाले.

वाळूची पुळण संपून खडप सुरू झाले की चालणे वेगळेच होते. कोरड्या काळ्या दगडावर पाय घट्ट बसतो, हिरव्या शेवाळावर तो हमखास सरकतो, आणि घसरताना हात टेकावा तर खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. खडकांवर एका उंचीपर्यंत पांढुरका खरखरीत थर असतो. तिथपर्यंत भरतीचे पाणी नियमाने चढते. चालताना मी सहज वर पाहिले तर तो थर माझ्या डोक्याच्याही वर होता. मोबाइलला रेंज नव्हती. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक मी सगळ्यांना लिहून दिला होता, पण कड्याखाली उभे राहून तो लावता येणार नाही, हे मला तिथे आल्यावर कळले.

सव्वानऊच्या सुमारास एका डबक्यापाशी काका थांबले. डबक्यातून हातभर रुंदीचा एक ओघळ खडकाच्या फटीतून समुद्राकडे जात होता. निदान मला तरी तो समुद्राकडे जातो आहे असे वाटत होते. काकांनी बोटाने दाखवले तेव्हा दिसले की वर तरंगणारा फेसाचा एक पुंजका जागीच घुटमळतो आहे. तो थांबला, स्वतःभोवती फिरला आणि मग अगदी सावकाश आमच्या दिशेने, डबक्याकडे सरकू लागला. समुद्र अजून लांब होता, लाटांचा आवाजही वाढलेला नव्हता, पण पाणी आमच्या मागच्या बाजूने आत शिरायला लागले होते.

"पाणी लागलं भरायला. आता वरनं, सड्यानं जाऊया," काका म्हणाले. आमच्यातल्या एकाने पुढच्या वळणाकडे हात करून विचारले, "काका, वीस मिनिटांचंच अंतर दिसतंय, पटकन जाऊन येणार नाही का?" त्यावर काकांचे उत्तर होते, "तुम्ही जाल हो. ताई जातील काय?" आमच्या गटात गुडघ्याचे दुखणे असलेल्या बासष्ट वर्षांच्या एक ताई होत्या आणि बारा वर्षांचा एक मुलगा होता. पुढे कोणी काही बोलले नाही. तुकडीचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाएवढाच असतो, हे मी गडांवर शेकडो वेळा सांगितले होते. इथे ते मला काकांकडून ऐकावे लागले.

कालवे काढायला खाली उतरणाऱ्या बायकांची एक पाऊलवाट होती, तीच आम्ही धरली. जांभ्याचे सुटे दगड पायाखालून निसटत होते, त्यामुळे दोघांमध्ये अंतर ठेवून एकेकाने चढायचे आणि वरचा माणूस सुरक्षित जागी पोचेपर्यंत खालच्याने बाजूला उभे राहायचे, असे काकांनी लावून दिले. चौदा जणांना पाऊण तास लागला. तोवर डबके दिसेनासे झाले होते. ताई वर आल्या तेव्हा त्यांच्या तळहातांना कंप सुटला होता, पण त्यांनी कसलीही तक्रार केली नाही.

सड्यावर पिवळे गवत, करवंदीच्या जाळ्या आणि दगड रचून केलेले गडगे होते. सावली कुठेही नव्हती. माणशी तीन लिटर पाणी घेतलेले असूनही ते हेदवीच्या अलीकडेच संपत आले.

हेदवीला पोचलो तेव्हा दीड वाजत आला होता, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. खडकाला पडलेल्या या अरुंद चिरेत लाट शिरली की आत कोंडते आणि क्षणभराने पाण्याचा खांब उसळून वर येतो. त्या क्षणभरात काहीच ऐकू येत नाही, नंतर पायाखालचा दगड थरथरतो. आम्ही कडेपासून बरेच मागे उभे होतो, तरी तुषारांनी भिजलो. वीस मिनिटांचे अंतर म्हणणारा मित्र बराच वेळ त्या चिरेकडे पाहत राहिला. मग त्याने ताईंच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

रविवारी संकष्टी होती. हेदवीच्या दशभुजा गणेशाचे दर्शन चालून आल्यावर घ्यायचे, असे मी रात्रीच सांगितले आणि या वेळी कोणाहीसाठी थांबायचे नाही असेही सांगितले. थांबावे लागलेच नाही. सव्वासहाला, टॉर्चच्या उजेडात, सगळे तयार होते. उजाडता उजाडता खडपात शिरलो आणि आठ वाजून पाच मिनिटांनी ताईंनी नरवणच्या वाळूवर पाऊल ठेवले. मागे खडकांमधले ओघळ अजून समुद्राकडेच वाहत होते. आदल्या दिवशी खडपात एकदाही न टेकलेले काका तेव्हा वाळूवर बसले आणि त्यांनी तंबाखूची डबी काढली.