माझा अनुभव : टाळूवरच्या सुया आणि डॉपलरचा आकडा

सुईला हात लावण्याआधी मी रुग्णाला २० मिनिटं नुसता आडवा ठेवतो. या वेळात बोलणं नाही, मोबाईल नाही, आणि त्याआधीचे काही तास कॉफी-सिगारेटही नाही. स्काल्प अॅक्युपंक्चरने, म्हणजे डोक्याच्या कातडीत सुया टोचून, मेंदूतला रक्तप्रवाह बदलतो का हे बघायचं असेल, तर खरं काम या २० मिनिटांत असतं.

कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइडला फार चटकन प्रतिसाद देतात. रक्तातला या वायूचा दाब १ मिमी पाऱ्याने वरखाली झाला की प्रवाह साधारण ३ ते ४ टक्क्यांनी हलतो. सुईच्या भीतीने श्वास भराभर सुरू झाला आणि हा दाब ४० वरून ३५ वर आला, की प्रवाह १५-२० टक्क्यांनी घटलेला दिसतो. उलट, सुई टोचताना श्वास रोखून धरला की प्रवाहाचा आकडा वर चढतो आणि आपण खूश होतो. म्हणून नाकाशी कॅप्नोमीटरची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची) नळी आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा, हे दोन्ही असल्याशिवाय मी मोजणी सुरू करत नाही.

मग आखणी. ही पद्धत १९७० च्या सुमारास चीनमध्ये ज्याओ शुन्फा यांनी मांडली. त्यांची हालचालीची रेषा, म्हणजे लुळ्या अवयवाच्या हालचालीसाठी टाळूवर जिथे सुया लावायच्या ती, मी टेप लावूनच काढतो. अंदाजाने काढली की हमखास पुढे सरकते. दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत मधोमध टेप धरायची, तिचा मध्य काढायचा आणि तिथून अर्धा सेंटिमीटर मागे खूण करायची. हे वरचं टोक. खालच्या टोकासाठी भुवईच्या वरच्या कडेच्या मध्यापासून त्याच मागच्या उंचवट्यापर्यंत डोक्याच्या बाजूने रेषा धरायची. ती कानशिलावरच्या केसांच्या कडेला जिथे छेदते, तो बिंदू. टक्कल असेल तर ही कड सापडत नाही. तेव्हा गालाच्या आडव्या हाडाच्या मध्यापासून सरळ वर जायचं आणि रेषा भेटली की अर्धा सेंटिमीटर पुढे खूण करायची. दोन टोकं जोडून पाच भाग पाडले, की वरचा एक पायासाठी, मधले दोन हातासाठी, खालचे दोन चेहऱ्यासाठी. संवेदनेची रेषा हिला समांतर, दीड सेंटिमीटर मागे. उजवा हात लुळा असेल तर सुया डाव्या बाजूला.

सुई ०.२५ किंवा ०.३० मिमी जाडीची, २५ ते ४० मिमी लांब, एकदाच वापरायची. कातडीशी १५ ते ३० अंशांचा कोन ठेवून घालतो. नेमकं कुठे जायचं हे बोटाला कळतं : कातडी आणि तिच्याखालचा घट्ट थर ओलांडताना अडथळा लागतो, मग गॅलिया नावाचा चिवट पापुद्रा, आणि त्याच्याखाली सैल थरात सुई एकदम मोकळी सरकते. तिथेच ती आडवी पुढे न्यायची. रुग्ण तीव्र, जळजळीत दुखतंय म्हणाला तर सुई बहुधा वरच्या घट्ट थरातच अडकलेली असते किंवा पार हाडावरच्या आवरणाला टेकलेली असते. थोडी मागे घेऊन कोन बदलायचा. जोर लावला की सुई वाकते.

पुढे मिनिटाला सुमारे २०० वेळा फिरवणं, एक ते तीन मिनिटं. मनगट स्थिर, फक्त अंगठा आणि तर्जनी हलते. नवखे एकाच दिशेने जास्त फिरवतात. मग तंतू सुईभोवती गुंडाळले जातात आणि सुई निघता निघत नाही. अशा वेळी उलट्या दिशेने हलकेच सोडवायची, आजूबाजूची कातडी दाबायची आणि दोन-चार मिनिटं थांबायचं. एरवी सुया अर्धा तास ठेवून दर १० मिनिटांनी पुन्हा फिरवतात.

मोजणीत एक अडचण आधी लक्षात येत नाही. ट्रान्सक्रेनियल डॉपलरचा, म्हणजे कवटीतून ध्वनिलहरी पाठवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा, प्रोब कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वर बसतो, म्हणजे चेहऱ्याच्या सुया जिथे येतात अगदी तिथेच. म्हणून मोजणीच्या दिवशी मी फक्त पायाचा आणि हाताचा भाग घेतो, प्रोब धरणारा डोक्याचा पट्टा आधी बसवतो, सुया नंतर लावतो. प्रोबखालचं जेल सुईच्या भोकापर्यंत पसरू द्यायचं नाही. २ मेगाहर्ट्झचा प्रोब, ४५ ते ६५ मिमी खोलीवर मेंदूची मधली धमनी, प्रवाह प्रोबच्या दिशेने येणारा. दहा-पंधरा टक्के माणसांत कानशिलाचं हाड इतकं जाड असतं की काहीच ऐकू येत नाही. म्हाताऱ्या बायकांत हे जास्त. तिथे हट्ट करू नये.

आता आकड्याचं. डॉपलर वेग दाखवतो, प्रवाह नाही. धमनीची रुंदी तीच राहिली तरच वेग वाढणं म्हणजे प्रवाह वाढणं. धमनी अरुंद झाली तरी वेग वाढतो! त्यामुळे सुया फिरवल्यावर सरासरी वेग ५५ वरून ६२ सेंमी प्रतिसेकंद झाला, तर मी आधी रक्तदाब बघतो, मग कार्बन डायऑक्साइड, मग दुसऱ्या बाजूची धमनी. दोन्ही बाजू सारख्याच चढल्या असतील तर ते बहुतेक वेळा सगळ्या शरीराचं दुखण्याला दिलेलं उत्तर असतं.

सुईखालचा मेंदू थेट चेतवला जातो, ही रेषांमागची कल्पना मला पटत नाही. मध्ये कवटी आहे. जास्त पटण्यासारखा मार्ग मज्जातंतूंचा. टाळूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाची संवेदना ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या संवेदनेच्या मज्जातंतूकडे जाते, आणि त्याच मज्जातंतूचे धागे मेंदूच्या आवरणातल्या आणि पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्यांभोवती असतात. ते सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. पण मग रेषेपासून दोन सेंटिमीटर दूर टोचलेली ‘खोटी’ सुईसुद्धा तोच मज्जातंतू चाळवते. खऱ्या-खोट्या सुयांच्या तुलनेत फरक काढणं इतकं कठीण का, त्याचं एक कारण हे. पक्षाघातानंतरच्या अॅक्युपंक्चरवरच्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्याने (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अहवाल) काही फायदा असू शकेल असं म्हटलं, पण बहुतेक चाचण्यांचा दर्जा अपुरा ठरवला. तेव्हा फिजिओथेरपी आणि गोळ्या चालूच राहतात. सुया त्यांच्या जोडीला.

काहींना मी सुया लावतच नाही. शस्त्रक्रियेत कवटीचा तुकडा काढलेला असेल, तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसेल, मेंदूत ताजा रक्तस्राव असेल, रक्तदाब आटोक्याबाहेर असेल किंवा टाळूवर जखम-पुळ्या असतील, तर नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून, मोजक्या सुया. पेसमेकर असेल तर सुईला वीज जोडायची नाही. आणि तोंड वाकडं होणं, हात गळून पडणं आत्ताच सुरू झालं असेल, तर आधी रुग्णालय : गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तासांची असते, त्यातलं एक मिनिटही सुयांसाठी नाही.

सुया काढताना टाळू भरपूर रक्त येण्याच्या तिच्या ख्यातीला जागते. घट्ट थरातले तंतू रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी धरून ठेवतात, म्हणून एवढ्याशा भोकातूनही भळभळ होते. कोरडा कापूस ठेवून मिनिट-दोन मिनिटं दाबायचं, चोळायचं नाही. केसांत सुई दिसत नाही; लावलेल्या सुया आणि काढलेल्या सुया मोजून, दोन्ही आकडे कागदावर लिहिल्यावरच रुग्णाला उठवतो, तेही आधी पाच मिनिटं बसवून.