मॅडम, फ्लो उतरतोय

मंगळवार, रात्री साडेदहा

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रथमेशचं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. "मॅडम, फ्लो उतरतोय." ऑपरेशन करणाऱ्या सरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये पेशंटचं रक्त फिरवणारं हार्ट-लंग मशीन चालवायचं काम माझं, आणि त्याच्या पंपाचा फ्लो माझ्याआधी त्यानं पाहिला. मला सांभाळून घेतलं त्यानं, आणि तेच जास्त लागलं.

झालं काहीच नाही. पेशंट पंपावरून व्यवस्थित उतरला, संध्याकाळी आयसीयूत डोकावले तेव्हा लघवीही छान होत होती. दोन व्हॉल्व्हची केस, वेळ लागणार म्हणून सेंट्रिफ्युगल पंप घेतला होता. पेशंटच्या शरीराचं क्षेत्रफळ 1.7 चौरस मीटर, त्या हिशेबानं फ्लो, म्हणजे मिनिटाला फिरणारं रक्त, 4.1 लिटर. मध्येच पेशंटचं ब्लड प्रेशर 48 वर आलं, भूलवाल्या मॅडमनी रक्तवाहिन्या आवळणारं फिनाइलएफ्रिन दिलं, प्रेशर चढलं, मला हायसं वाटलं. आरपीएमचा, म्हणजे पंपाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, आकडा जागचा हलला नव्हता. आणि फ्लो 3.3.

किती सेकंद गेले असतील? वीस? पण मला आधी का नाही दिसलं?

माझी नजर आरपीएमवर होती. सतरा वर्षांची सवय. दुसऱ्या जातीच्या, रोलर पंपाची. त्यात रोलर नळी दाबत पुढे सरकतो, एका फेरीत ठरलेलं रक्त पुढे जातंच. फेऱ्या कळल्या की फ्लो कळला. पुढे अडथळा आला तर प्रेशर वाढेल, प्रसंगी लाइन फुटेल, पण रोलर ढकलणं सोडत नाही. सेंट्रिफ्युगलमध्ये नळी दाबणारं काही नसतंच. आतलं चक्र गरगर फिरतं नि रक्त बाहेर फेकतं, आणि समोरचा दाब वाढला की तेवढ्याच फेऱ्यांत कमी रक्त जातं. म्हणून तर त्याला वेगळा फ्लोमीटर लावायचा. प्रथमेशला हे मीच शिकवलंय. पंप थांबवण्याआधी लाइनला क्लॅम्प लाव, नाहीतर महारोहिणीतलं रक्त उलटं मशीनमध्ये येईल, हेसुद्धा मीच. आणि तरी मला दिसलं नाही.

दुपारी डबा उघडलाच नाही. वाटत राहिलं, हाताला जे येतं त्याला आता कोण विचारतंय. रोलरचं ऑक्ल्यूजन, म्हणजे त्यानं नळी किती दाबायची ते ठरवणं, हे हाताचं काम. नळीत मीटरभर उंच सलाइन धरायचं, दाब अगदी किंचित किंचित सैल करायचा आणि पातळी मिनिटाला साधारण अडीच सेंटिमीटर उतरायला लागली की थांबायचं. जास्त आवळलं तर रक्तपेशी चिरडतात, सैल राहिलं तर रक्त मागे घसरतं. 6 मे 1953 ला फिलाडेल्फियात डॉ. गिबन यांनी 18 वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं, तेव्हा 26 मिनिटं तिचं रक्त फिरवणारे पंप याच जातीचे होते. आईच्या वेळीही रोलरच होता. असो.

आता भांडी आवरताना जरा वेगळं वाटतंय. पेशंटच्या रक्तवाहिन्या आवळल्या हे पंपानं तिथल्या तिथे सांगितलं होतं, ऐकायचं फक्त आरपीएमच्या शेजारच्या आकड्यात होतं. मोठी हवा शिरली तर हा पंप पकड सोडतो, रोलर ती तशीच पुढे ढकलेल. बारीक बुडबुडे मात्र दोन्हीतून जातात, त्यामुळे रेझरव्हॉयरवरची, म्हणजे मशीनमधल्या रक्ताच्या टाकीवरची, नजर काही सुटत नाही. लांबलेल्या केसमध्ये रक्ताचे हाल कमी होतात हेही खरं. मी वर्षानुवर्षं रोलरच्या बाजूनं भांडले, आणि छोट्या केसला अजूनही भांडेन.

प्रथमेशची नजर पहिल्या दिवसापासून फ्लोवरच तयार झालीय. त्याला दिसणारच होतं. माझ्या शेजारी तो उभा होता, हे बरंच झालं. हे त्याला सांगायचं राहिलं.

उद्याची केस साडेआठ किलोच्या बाळाची, रोलरवर. त्याला साडेसहाला बोलावलंय. सलाइनची ती पातळी त्यानं अजून स्वतःच्या हातानं लावलेली नाही.