मॅडम, काच भट्टीत आहे

आमच्या बाल्कनीला आता चौकटीशिवायच्या सरकत्या काचा आहेत. बोटाने ढकलली की काच सरकते, टोकाला जाऊन आत वळते, आणि मग सगळ्या एका कडेला पुस्तकाच्या पानांसारख्या मिटतात. बघायला येणारे ‘वा, काय दिसतंय’ म्हणतात. दिसतंयच. पण डावीकडून तिसऱ्या काचेला हात लागला की माझं डोकं अजून गरम होतं, म्हणून हे लिहायला घेतलंय.

सोसायटीची परवानगी, रंगाचं ठरवणं, आगाऊ रक्कम हे सगळं विनातक्रार पार पडलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. प्रकार निवडताना मात्र थोडा वेळ घ्या. एका प्रकारात खाली तीन किंवा पाच समांतर रूळ असतात आणि एक काच दुसरीला ओढत नेते. वापरायला सोपा, पण निदान एका काचेइतकी जागा कायम बंदच राहते. दुसऱ्यात रूळ एकच, काचा टोकाला जाऊन नव्वद अंशात वळतात आणि बाल्कनी पूर्ण मोकळी होते. मी दुसरा घेतला, कारण काच वळली की तिची बाहेरची बाजू घरात उभं राहून पुसता येते. कठड्यावरून लोंबकळून काचा पुसणाऱ्यांपैकी मी नाही. मात्र मिटलेल्या काचा आतल्या बाजूला काचेच्या रुंदीइतकी जागा खातात. तिथे कुंड्या किंवा झोपाळा ठेवायचा विचार असेल तर तो आधीच सोडा.

मापं घ्यायला आलेल्या गृहस्थांनी टेप काढली, मधोमध एकदा उंची मोजली आणि टेप गुंडाळायला लागले. मी म्हटलं, दादा, डावीकडे, उजवीकडे, मध्ये, सगळीकडे मोजा. बाल्कनीच्या फरशीला पाणी जाण्यासाठी उतार असतो आणि वरचा स्लॅबही मध्ये जरासा खाली आलेला असू शकतो, त्यामुळे एकाच जागेची उंची काही कामाची नाही. मग पिशवीच्या तळातून लेझर निघाला. तिन्ही ठिकाणी आकडे वेगळे आले, तेव्हा मला बरं वाटलं हे कबूल करते. खालचा रूळ पाचर देऊन समतल करायचा आणि त्यावरून काचेची उंची काढायची, असं ठरलं.

पण त्यांनी ही मापं लिहिली कुठे? हँडलच्या खोक्याच्या फाडलेल्या पुठ्ठ्यावर, संपत आलेल्या बॉलपेनाने. प्रत्येक काचेसाठी एक ओळ, कारण कडेच्या काचांची रुंदी थोडी वेगळी होती. उंची सगळ्यांची एकच : २३४१ मिलिमीटर. तिसऱ्या ओळीतला शेवटचा एक जरा जास्तच वळला होता.

बसवायच्या दिवशी वरचा रूळ चढला, खालचा बसला, पहिल्या दोन काचा झकास उभ्या राहिल्या. दहा मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला २५ किलो भरते, म्हणजे आमची एकेक काच ४० किलोच्या आसपास. दोघेजण व्हॅक्यूम कपांनी ती उचलत होते. तिसरी काच वरच्या खाचेत गेली, पण खाली रुळावर बसेना. तिरकी करून पाहिली, उतरवली, परत चढवली. शेवटी मी टेप आणली. २३४९. कारखान्यात कोणीतरी १ चा ९ वाचला होता.

फिटरचा पहिला उपाय : ‘मॅडम, वरचा रूळ इथे थोडा उचलतो.’ अरे, एकाच रुळावरून सगळ्या काचा सरकणार, तो एका जागी उचलला तर बाकीच्या वरून सुटतील की! दुसरा उपाय : ‘मग खालून घासून घेऊ.’ हे तर अजिबात करू देऊ नका. टफन्ड काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि आतला भाग ताणाखाली. तिची ताकद त्यातूनच येते, आणि म्हणूनच ती नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. तसं करायला गेलं की पूर्ण काचेचा बारीक चुरा. कापणं, कडा घासणं, भोकं पाडणं, सगळं भट्टीच्या आधी. थोडक्यात, आठ मिलिमीटरसाठी नवी काच.

बाकीच्या काचा बसवून मंडळी गेली. एक काच नसली की काय होतं? एका काचेइतकं भगदाड राहतं. एकच रूळ असल्यामुळे ते हवं तिथे सरकवता येत होतं, एवढीच चैन. पाऊस ज्या बाजूने येईल त्याच्या उलट बाजूला मी ते सरकवत राहिले.

मग फोन सुरू झाले. ‘मॅडम, काच भट्टीत आहे.’ पुढच्या वेळीही भट्टीत. त्याच्या पुढच्या वेळीही. दहा मिलिमीटरची काच भट्टीत काही मिनिटंच असते, हे एव्हाना मला वाचून माहीत झालं होतं. मी तसं म्हटल्यावर उत्तर बदललं : ‘एका काचेसाठी भट्टी लावत नाहीत, त्याच जाडीचा माल जमायला हवा.’ हे पटण्यासारखं होतं, कारण जाडीप्रमाणे भट्टीची वेळ आणि हवेचा झोत बदलावा लागतो. म्हणून थांबले. मग गाडी निघाली होती. मग गाडी दुसरीकडे गेली होती. मग फोन उचलणारे गृहस्थच गावाला गेले होते.

शेवटी मी काचेची चौकशी बंद केली आणि कागदाची सुरू केली. नव्या काचेच्या ऑर्डरचा फोटो पाठवा, त्यावरचा नंबर सांगा, एवढंच. गोडगोड बोलणारा आवाज एकदम चाचरायला लागला. ऑर्डर दिलेलीच नव्हती! मापवाले म्हणत होते, कारखान्याने चुकीचं वाचलं, पैसे त्यांनी सोसावेत. कारखाना म्हणत होता, पुठ्ठ्यावर नऊच आहे. दोघांचं भांडण मिटेपर्यंत माझ्यासाठी काच भट्टीत! मी दोघांना एकाच कॉलवर घेतलं आणि सांगितलं की तुमचा हिशोब तुम्ही नंतर करा, शेवटचा हप्ता माझ्याकडे आहे आणि तो काच बसल्याशिवाय हलणार नाही. ऑर्डरचा नंबर त्याच संध्याकाळी आला.

तेव्हा पहिला सल्ला हाच : शेवटचा हप्ता चांगला जाडजूड ठेवा. दुसरा, मापं छापील तक्त्यावर मिलिमीटरमध्ये मागा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि काच चुकली तर नवीन कोणाच्या खर्चाने ते त्याच कागदावर लिहून घ्या.

नवी काच आली तेव्हा गाडीतून उतरवायच्या आधीच दोन्ही कडांची उंची मी स्वतः मोजली. कोपरे टवकले आहेत का तेही बोट फिरवून पाहिलं, कारण टफन्ड काचेचा कच्चा भाग म्हणजे तिची कड. कोपऱ्यात कायमचा उमटवलेला बारीक शिक्का असतो, तोही बघा. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून काचेकडे तिरकं पाहा, अंधुक ठिपके किंवा पट्टे दिसले तर तो दोष नाही, भट्टीनंतर मारलेल्या थंड हवेच्या खुणा आहेत. काच रुळावर टेकली, फिटरने सोडली आणि ती स्वतःच्या वजनाने किंचित पुढे सरकली. मी चक्क टाळी वाजवली.

मापांच्या वेळचं एक सांगायचं राहिलं. फरशी बदलायची असेल तर आधी ती बदला, मगच मोजायला बोलवा. वरचा रूळ काँक्रीटमध्येच बसला पाहिजे, फॉल्स सीलिंगच्या पट्टीत नाही. कठडा तसाच ठेवा, सरकती काच म्हणजे कठडा नव्हे. वरच्या मजल्यावर असाल तर लॅमिनेटेडचं विचारा, ती फुटली तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात.

आणि अपेक्षा बेताच्या ठेवा. दोन काचांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असतेच, त्यामुळे वाऱ्यासोबत आलेलं पाणी थोडं आत येतं आणि खालच्या रुळातल्या छिद्रांतून बाहेर जातं. आमचा फिटर व्यवस्थित दिसावं म्हणून त्याच छिद्रांवर सिलिकॉन मारायला निघाला होता, वेळीच हात धरला. रुळात तेल घालू नका, धूळ चिकटून गोळा होतो. नुसतं व्हॅक्यूम फिरवा. भर उन्हात सगळं बंद ठेवलं तर बाल्कनी तापते. गॅस गिझरचा धूर तिथे सुटत असेल तर ती बंद करण्याचा विचारही नको. एसीचं बाहेरचं युनिटही काचेआड कोंडू नका.

जुनी, आठ मिलिमीटरने जास्त उंच काच बरेच दिवस भिंतीला टेकून उभी होती. न्यायला आलेला मुलगा म्हणाला, ‘ठेवा ना मॅडम, कापून टेबल करता येईल.’ मी त्याला भट्टीची सगळी गोष्ट सांगितली. ती काच लिफ्टमध्ये मावत नाही, तेव्हा जिन्याने चारही वळणं घेत खाली गेली, आणि ती गाडीत चढल्यावरच मी शेवटचा हप्ता पाठवला.