झाकण मिटताना

लॅपटॉपचं झाकण मिटताना माझा हात अजून थबकतो. मिटायला काय जातंय, धास्ती असते ती उघडल्यावर काय होईल याची. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर झोपलेलं मशीन कधीकधी असं उठतं, की पंखा भिरभिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा उघडमीट करतोय आणि स्क्रीन ठार काळी. दिवा तसा लुकलुकला की कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेला कर्नलच कोलमडलेला. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं, दुसरं काय?

दोष बहुतेकदा एखाद्या फुटकळ ड्रायव्हरचा, म्हणजे मशीनचा एकेक भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा. झोपताना प्रत्येकाने आपापलं आवरायचं, उठल्यावर पुन्हा मांडायचं. एकाने कुचराई केली की सगळे ताटकळतात. ब्राउझर कोसळला तर ब्राउझरपुरतं. ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच राहतो, त्याने मेमरीत भलतीकडे काही खरडलं की अख्खं मशीन आडवं.

म्हणून नवा कर्नल आला तरी जुना मी काढत नाही. मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या ग्रबच्या मेनूत तो पडून असतो. डिस्कवर जागा कमी पडली तर फोटो उडवेन, त्याला हात लावणार नाही. अपडेटनंतर आधी वायफाय बघायचं, मग आवाज, मग बाकीचं जग.

कर्नलवाल्यांचा हट्टही बघण्यासारखा. वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा दंडक, पण ड्रायव्हरशी जोडणारा आतला इंटरफेस ते वाटेल तेव्हा बदलणार. तो स्थिर ठेवा म्हणणं हा खुळचटपणा आहे, असं बजावणारा मजकूरच कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. त्यांचं म्हणणं, ड्रायव्हर आमच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये आणा, इंटरफेस बदलणाराच तो दुरुस्त करेल. बाहेर राहिलात तर तुमचं तुम्ही निस्तरा. मला हे पटतं. फक्त हातातलं काम टाकून बाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधणाऱ्या डीकेएमएसचा लॉग वाचत बसावं लागलं, की जरा कमी पटतं.

एनडिसरॅपर आठवतं? विंडोजचा वायफाय ड्रायव्हर आणून लिनक्सच्या गळ्यात बांधायचा. कमांड आधीच कागदावर उतरवून ठेवायच्या, कारण नेट गेल्यावर शोधणार कुठे?

तशी मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा सोर्स कुणालाही बघता-बदलता येतो त्याची, कथाही प्रिंटरपासूनच सुरू होते. १९८० च्या सुमारास एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमनना नव्या लेझर प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स हवा होता. कागद अडकला तर लोकांना तसं कळावं, एवढीच सोय त्यांना करायची होती. सोर्स मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर केली. तेव्हा वैतागायची परंपरा आपल्याकडे जुनीच.

माझा प्रिंटर मात्र, खरं सांगायचं तर, निमूट चालतो. ब्लूटूथचा विषय आज नको.