गेरूचं गुरगुरणं परत मिळवताना

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेरू माझ्या नवऱ्याच्या हाताला चावला. भुंकला नाही, गुरगुरला नाही, दातसुद्धा दाखवले नाहीत. त्याच्या भांड्याशेजारी पोळीचा तुकडा पडला होता, तो उचलायला नवरा वाकला आणि पुढच्या क्षणी अंगठ्याजवळून रक्त यायला लागलं. "काही कारण नसताना चावला," असं त्या दिवशी घरात सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण कारण होतं. गेरूने ते आम्हाला आधी कितीदा तरी सांगितलं होतं, आणि आम्ही त्याला ते सांगणंच बंद करायला लावलं होतं.

गेरू आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरच्या गल्लीतला कुत्रा. गेरूसारख्याच रंगाचा, म्हणून मुलीने ते नाव ठेवलं. जुलैच्या पावसात एका गाडीचा धक्का लागून त्याचा मागचा पाय दुखावला आणि तो आमच्या पोर्चमध्ये येऊन पडला. पायावर उपचार झाले, लस झाली, गळ्यात पट्टा आला आणि तो घरचा झाला. वय साधारण तीन वर्षं. म्हणजे तीन वर्षं तो अशा जगात वाढला होता, जिथे समोरचं अन्न पटकन गिळलं नाही तर दुसरं कुत्रं पळवतं. हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही. आम्ही त्याला छप्पर दिलं, आता तो निश्चिंत असेल, असं आम्ही धरून चाललो.

पहिल्याच आठवड्यात तो जेवताना कुणी जवळून गेलं की गुरगुरायला लागला. नवऱ्याने पेपरची गुंडाळी करून दोन-तीनदा त्याच्या पाठीवर मारली आणि ओरडला. गेरूने कान पाडले, नजर चुकवली, अंग चोरून बसला. "पाहा, चूक कळली त्याला," असं आम्ही म्हणालो. पंधरा दिवसांत गुरगुरणं थांबलं आणि कुत्रं सुधारलं म्हणून आम्ही खूश झालो. त्या चेहऱ्याबद्दल मी पुढे वाचलं. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की, कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्याने खरंच काही चूक केली आहे का यावर अवलंबून नसतो, मालक रागावतोय का यावर असतो. गेरूला चूक कळली नव्हती. त्याला आमची भीती वाटत होती.

चावल्यावर पहिल्यांदा काय करायचं, ते इथेच सांगते, कारण आमच्या घरातही गोंधळ झाला. मामंजी हळदीचा डबा घेऊन आले होते. हळद, चुना, तिखट असलं काहीही जखमेवर लावायचं नाही. वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. पंधरा मिनिटं खूप मोठी वाटतात, म्हणून घड्याळ लावा. मग लगेच दवाखाना गाठायचा. गेरूला रेबीजची लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी नवऱ्याला लसीचा पहिला डोस आणि जखमेत सीरम त्याच दिवशी दिलं, आणि पुढचे डोस त्याने ठरलेल्या तारखांना चुकवले नाहीत. आपलं कुत्रं घरचं आहे, लसवंत आहे, म्हणून हे टाळू नका.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटायच्या ऐवजी आम्ही गेरूला गाडीत घातलं. दसऱ्याची सुट्टी, त्यामुळे जवळच्या एका खासगी डॉक्टरांनी तेवढ्यापुरतं तपासलं आणि सुट्टी संपताच सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. हे कॉलेज १९५८ पासूनचं. मामंजींना लहानपणी त्यांच्या वडिलांनी तिथल्या डॉक्टरांना म्हैस दाखवल्याचं आठवतं, त्यामुळे त्यांचा तिथे फार विश्वास.

मला वाटलं होतं, डॉक्टर त्याच्या स्वभावाबद्दल विचारतील. त्यांनी आधी थर्मामीटर लावला. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. गेरूचं १०४ होतं. कानाच्या आतल्या घडीत आणि पायाच्या बोटांच्या फटीत गोचिडं निघाली. मी रोज त्याची पाठ विंचरत होते, पण बोटांच्या फटीत एकदाही पाहिलं नव्हतं. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट कमी आल्या, गोचीड-ताप निघाला. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, आणि त्या भरल्या पोटीच द्यायच्या, नाहीतर उलटी होते. मागचा पाय दाबला तेव्हा गेरूने मान वळवून ओठ चाटले. डॉक्टर म्हणाले, "हे पाहिलंत? अजून दुखतंय त्याला." अंगात ताप, पायात कळ, आणि जेवताना कुणीतरी अंगावर वाकतंय. स्वभाव एकदम बदलला की आधी दुखणं शोधायचं, हे त्यांचं पहिलं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आणि हो, घरातली क्रोसिन किंवा कसलीही वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. माणसाची औषधं कुत्र्याच्या जिवावर बेततात.

मग मी पेपरच्या गुंडाळीची गोष्ट सांगितली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, कुकरच्या शिट्टीचा आवाज नको म्हणून तुम्ही शिट्टी दाबून धरली. आतली वाफ कुठे गेली?" घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही.

त्यांनी मला बघायला शिकवलं. गुरगुरण्याच्या कितीतरी आधी कुत्रं बोलायला लागतं. झोप नसताना जांभई देतं, खायला काही नसताना जिभेने ओठ चाटतं, तोंड दुसरीकडे फिरवतं पण नजर आपल्यावर ठेवतं, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी कोर दिसते. जेवताना एकदम घाईघाईने गिळायला लागतं. आणि शेवटी थिजतं. घास चावता चावता थांबतं, अंग दगडासारखं ताठ. त्या थिजण्याला मी आता सगळ्यात जास्त मानते. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हेही मी डोक्यातून काढून टाकलं. शेपूट उंच, ताठ आणि बारीक थरथरत असेल तर ती खुशी नव्हे. खुशीत आख्खं कंबरडं हलतं.

ताप उतरून गेरू नीट खायला लागल्यावर खरं काम सुरू झालं. आमच्या हॉलला दोन-दोन फुटांच्या फरश्या आहेत, त्यांचाच मी टेप केला. गेरूचं भांडं भिंतीशी. सातव्या फरशीवरून गेलं तर तो निवांत खातो, पाचव्यावर खाण्याचा वेग वाढतो, चौथ्यावर थिजतो. म्हणून आठव्या फरशीपासून सुरुवात. तिथून जाताना उकडलेल्या चिकनचा एक छोटा तुकडा त्याच्या भांड्याकडे टाकायचा आणि न थांबता, न बोलता निघून जायचं. एका जेवणाला पाच-सहा वेळा, बस. भांड्याला हात लावायचा नाही, काही काढून घ्यायचं नाही. माणूस जवळ आला की आपलं जातं, हा त्याचा तीन वर्षांचा अनुभव होता. तिथे माणूस आला की आणखी चांगलं काहीतरी येतं, हा नवा अनुभव भरायचा होता. जेवता जेवता ताटात हात घालून कुत्र्याला सवय लावतात, तसं करू नका. आपण जेवत असताना कुणी रोज ताटात हात घातला तर आपल्यालाही त्याची सवय होणार नाही, रागच येईल.

तुकडा टाकल्यावर त्याने नुसतं वर बघितलं, 'आला का?' अशा मोकळ्या तोंडाने, असं सलग तीन दिवस झालं की एक फरशी पुढे. थिजला की दोन फरश्या मागे. वहीत तारीख, फरशीचा नंबर आणि माणसाचं नाव, कारण माझ्यासोबत पाचव्यावर असलेला गेरू नवऱ्यासोबत अजून सातव्यावरच होता. ते साहजिक होतं. नवऱ्याला त्याचं वाईट वाटायचं, तो हिशोब वाचताना गप्प बसायचा. पण सकाळचं जेवण त्यानेच द्यायचं ठरवलं आणि एकही दिवस सोडला नाही.

मामंजींना हे पटायला वेळ लागला. "सूनबाई, कुत्र्याले कायले एवढे लाड? मालक कोन, हे समजलं पायजे त्याले." त्यांचा दोष नव्हता, सगळ्यांनी तेच ऐकलेलं असतं. कळपात दमदाटी करणारा म्होरक्या होतो, म्हणून कुत्र्यालाही दाबून ठेवायचं, या समजुतीचं मूळ प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेन्केल यांच्या १९४७ च्या लांडग्यांच्या निरीक्षणात आहे, आणि ते लांडगे पिंजऱ्यात कोंडलेले होते. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की त्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. मी मामंजींना हे सगळं सांगितलं, ते ऐकून ते म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखंच," आणि दुसऱ्या दिवसापासून तेही तुकडे टाकायला लागले. एकदा ते कांद्याच्या भजीचा तुकडा टाकणार होते, तो मी धावत जाऊन थांबवला. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही नको.

दिवाळीने सगळं मागे नेलं. चार दिवस फटाके, गेरू पलंगाखाली, आणि पाचव्या दिवशी तो परत आठव्या फरशीवर. रडू आलं, पण वही होती. दुसऱ्या वेळी आठवरून चारवर यायला पहिल्यापेक्षा कमी दिवस लागले.

मुलीसाठी वेगळे नियम केले. झोपलेल्या गेरूला हात लावायचा नाही, आधी लांबून हाक मारायची. गळ्यात पडायचं नाही. लाड करायचे तर छातीपाशी तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. त्याने नाकाने हात ढकलला, जवळ सरकला, तरच पुढे. नाही सरकला तर त्याला नकोय. हे तिने आमच्यापेक्षा लवकर आत्मसात केलं. एकदा घरी आलेल्या मैत्रिणीला ती सांगत होती, "थांब, त्याला विचारू दे मला."

जानेवारीत एके सकाळी नवरा भांड्यापासून तिसऱ्या फरशीवर होता. हातातला तुकडा निसटून जवळच पडला आणि तो सवयीने वाकला. गेरू थिजला, आणि मग गुरगुरला. हळू, घशातल्या घशात. चावल्यानंतर साडेतीन महिन्यांनी, पहिल्यांदा. नवरा तसाच सरळ झाला, दोन पावलं मागे गेला आणि तिथूनच आणखी एक तुकडा टाकला. मग स्वयंपाकघरात आला, त्याचा आवाज भरून आला होता. "बोलला गं तो," एवढंच म्हणाला.

आता मे आहे. पारा पंचेचाळीसला टेकतोय, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, अजून यायचाय. फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री आठनंतर, तेही रस्त्यावर हाताचा तळवा ठेवून बघितल्यावर. माझा हात पाच-सात सेकंद टिकला नाही तर त्याचे पायही टिकणार नाहीत. घामासाठी त्याला फक्त पायाचे तळवे, बाकी सगळा भार धापण्यावर, म्हणून पाण्याची तीन भांडी घरभर आहेत. कूलरपुढची गार फरशी मात्र एकच, आणि ती गेरूला हवी असते, मामंजींनाही. परवा दुपारी ते उशी घेऊन तिथे आले. गेरू पसरलेला. त्याने मान न उचलता ओठ चाटले, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी कोर दिसली.

मामंजी जागीच थांबले. वाकून बघितलं आणि उशी काखेत मारली.

"बरं बाप्पा, झोप तू," म्हणाले, आणि खिशातून फुटाण्याचे चार दाणे काढून लांबूनच त्याच्याकडे टाकून आतल्या खोलीत गेले.