घोडी परवडते का?

मार्गशीर्ष लागला की पेपरात सारंगखेड्याचे फोटो यायला लागतात. तापीच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा, तिथला घोडेबाजार, आणि फोटोखाली कुठल्याशा घोड्याची कोटीतली किंमत. मग स्टाफरूममध्ये, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत मला हमखास विचारणा होते. "मॅडम, तुमची घोडी कितीची?" आणि लगेच पाठोपाठ, "पण परवडते का हो?" पहिलं मी हसण्यावारी नेते. दुसऱ्याचं उत्तर हातात ताट धरून देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बसून लिहिते.

आधी त्या कोटीचं. पेपरात येते ती सांगितलेली किंमत, झालेला सौदा नव्हे. मालक घोड्याला झूल घालून उभा करतो, आकडा सांगतो आणि वर "विकायचा नाही" असंही म्हणतो. खरी खरेदी-विक्री चालते ती आतल्या रांगांमध्ये. तिथं लाखाच्या आतबाहेरची जनावरं असतात, तट्टं असतात, लग्नाच्या घोड्या असतात. भाव ठरतो उंचीवर, कानांवर (मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक टेकतात), रवाल चालीवर (धक्के न बसणारी चाल) आणि अंगावरच्या भोवऱ्यांवर, म्हणजे केसांच्या गोल वळणांवर. गळ्यावरचा शुभ भोवरा, देवमण, असला की किंमत चढते, डोळ्याखाली भोवरा निघाला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. आमच्या रेश्माच्या अंगावरही एक वाकड्या जागचा भोवरा आहे, म्हणून ती माझ्यासारख्या शिक्षिकेच्या आवाक्यात आली. रंग कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, वय तेव्हा चार दाती, म्हणजे साडेतीन-चार वर्षं. नाव व्यापाऱ्यानं ठेवलेलं, तेच राहिलं.

आणि हो, जिवंत घोड्यावर जीएसटी आहे. 12 टक्के होता, सप्टेंबर 2025 मध्ये 5 वर आला. गाढवावर मात्र मुळीच नाही. स्टाफरूममध्ये हे सांगितलं की घोडीचा विषय मागे पडतो आणि प्रत्येक जण आपापलं गाढव शोधायला लागतो.

आमच्या नाशिककडच्या निफाड तालुक्यात घोडी ठेवणं ही काही रीत नाही. इथं द्राक्षं, कांदा, ऊस. घरात घोड्याची माहिती होती ती फक्त सासऱ्यांना. आप्पा तरुणपणी स्टेशनवर टांगा हाकायचे, रिक्षा आल्या तसा टांगा मोडला. सुनेनं घोडी आणली म्हटल्यावर गाव बघायला जमलं. आप्पांनी गर्दीतून पुढं येऊन तिचा ओठ वर केला, दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले आणि विचारलं, "नाल ठोकायला नालबंद कोण बघितलास?"

परवडण्याचा सगळा हिशोब त्या एका प्रश्नात होता. आप्पांच्या वेळी टांगे होते म्हणून स्टेशनाबाहेर नालबंद बसायचा, बाजारात खोगीर-लगाम शिवणारा असायचा, गवताचे भारे घेऊन बाया दारावर यायच्या, आणि पोटदुखीवर काय द्यायचं ते चार जणांना तरी ठाऊक असायचं. टांगे गेले आणि त्यांच्यामागे ही सगळी माणसं गेली. मुंबईत 2015 साली उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या. घोड्यांचे हाल बघता ते बरंच झालं, पण त्या गाड्यांवर जगणारी कसबंही त्याबरोबर आटली. आता ती गोळा करायची ती एकट्या मालकानं, स्वतःच्या खर्चानं.

आमचा नालबंद मोटारसायकलवरून येतो, तालुका ओलांडून. डिकीत कानस, सांडशी, हातोडी आणि गोणपाटात गुंडाळलेले नाल. खूर महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, त्यामुळे पाच-सहा आठवड्यांनी त्याची वाट बघणं आलंच. तो रेश्माचा पाय आपल्या मांडीवर घेतो, जुना नाल उपटतो, वाढलेला खूर तासतो. खिळा तिरका मारायचा असतो. तो खुराच्या भिंतीतून बाहेरच्या अंगाला निघाला पाहिजे, आत जिवंत भागात गेला की घोडी लंगडली. प्रत्येक खिळ्याला तो हातोडीचा आवाज ऐकतो. आवाज बद्द आला की थांबतो, खिळा काढून घेतो. चार नालांचे पूर्वी 400 घ्यायचा, आता 1200 घेतो आणि मी ते मुकाट्यानं देते. त्याचा मुलगा सातपूरला कंपनीत आहे. "पोराला शिकवा की," म्हटलं तर म्हणतो, "ताई, लाथ खायची नोकरी कोण करील?"

उतरलेले नाल मात्र एक दिवस टिकत नाहीत. दाराला ठोकायला, अंगठी करायला, शनीच्या पिडेवर, लोक मागून नेतात. काळ्या घोडीचा असता तर पैसेही देऊ म्हणतात. कुमैत घोडीचा फुकट.

खाण्याचं सांगते. घोडीला दिवसाकाठी वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुकं खाद्य लागतं, म्हणजे सात-आठ किलो. पाणी तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात जास्त. आमच्याकडं घरचे पाच गुंठे लसूण घास आहे म्हणून निभतं. बाकी कडबा, गव्हाचा कोंडा, भिजवलेले हरभरे, थोडी जई (ओट). यातला कडबाच सगळ्यात छळतो. ज्वारी पेरतंय कोण? सगळे कांदा, मका, ऊस करतात, त्यामुळे चांगली पेंढी बघायला लांब जावं लागतं आणि सांगेल तो भाव द्यावा लागतो. शेजारी गाईंसाठी पिशवीतलं पशुखाद्य आणतात. "तेच टाका की," असं मला कितीदा तरी सांगून झालंय. गाई-कोंबड्यांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याला थोडंसंही जीवघेणं ठरतं. म्हणून आमच्याकडं घोडीची कोठी वेगळी, घमेलंही वेगळं.

खाणं, नालबंदी, जंतांचं औषध, धनुर्वाताची लस, असं सगळं धरून महिन्याला 12-13 हजार जातात. सांभाळायला माणूस ठेवला तर दुप्पट. मी ठेवलेला नाही. पहाटे उठून लीद मी काढते, संध्याकाळी खरारा माझी मुलगी करते. जमेच्या बाजूला एकच नोंद आहे, लिदीच्या खताची. ते द्राक्षबागवाले घेऊन जातात आणि बदल्यात पेटीभर द्राक्षं ठेवतात.

डॉक्टरांचं काय, हे कुणी विचारत नाही. गावोगाव जनावरांचे डॉक्टर आहेत, पण त्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात काही अडकलं, गॅस धरला, तर ते वरून बाहेर पडण्याची सोय निसर्गानं ठेवलेली नाही. त्यामुळे साधी पोटदुखी जिवावर बेतते. एका हिवाळ्यात रेश्मानं संध्याकाळची वैरण सोडली. मग मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली, पुढच्या पायानं जमीन उकरू लागली, बसली, लोळली, उठली. आप्पा काठी टेकत आले आणि तिच्या कुशीला कान लावून उभे राहिले. "आत काहीच वाजत नाही," म्हणाले. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुरगुर चालू असते. ती बंद पडणं वाईट.

घोड्याचं जाणणारे डॉक्टर नाशिकहून यायला मध्यरात्र झाली. तोवर आम्ही आळीपाळीनं तिला अंगणात चालवत होतो, लोळू द्यायचं नाही म्हणून. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकातून पोटापर्यंत नळी घातली आणि पातळ पॅराफिन सोडलं. मग सांगितलं, "आता लीद पडायची वाट बघा." ती रात्र आमच्या घरातल्या कुणालाही विचारा, शब्द न चुकता ऐकवेल. उजाडता उजाडता रेश्मानं शेपूट उचललं. चार गोळे पडले. माझी मुलगी ओरडत घरात धावली, आणि शेजारच्या काकू काय झालं म्हणून पदर सावरत बाहेर आल्या. लिदीवर इतके लोक खूष झालेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. डॉक्टरांचं बिल पगाराच्या अंगावर आलं, ते वेगळं.

दुसरी फजिती मात्र हसण्यासारखी. रेश्मा आधी लग्नाच्या वरातीत होती हे आम्हाला माहीत होतं. ती नाचकामाची होती हे कळलं पोळ्याच्या दिवशी. मी रपेट करून वेशीतून परत येत होते आणि समोरून बैलांची मिरवणूक आली. ढोल वाजला. रेश्माचे कान ताठ झाले, मान कमानीसारखी वळली आणि तिनं जागच्या जागी पुढचे पाय एकाआड एक उचलायला सुरुवात केली. मी लगाम आवळला. नाचाच्या घोड्यांना आवळलेला लगाम हीच नाचायची खूण असते, हे मला नंतर समजलं. मी जितकी खेचते तितकी ती रंगात येते! बैल बाजूला राहिले, वाजंत्री आमच्याभोवती आली, नववीची पोरं शिट्ट्या मारताहेत, आणि एका म्हाताऱ्यानं दहाची नोट माझ्यावरून ओवाळून ढोलवाल्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर घोडीचं चित्र होतं. बरंच चांगलं काढलं होतं.

हा नाच कसा शिकवतात हे मी पुढं एका जुन्या साईसाकडून, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याकडून, ऐकलं. पुढच्या पायांना दोऱ्या बांधतात, नडगीवर काठी मारतात, बाजूला ढोल वाजत असतो. तेव्हापासून वरातीसाठी घोडी मागायला येणाऱ्यांना मी दारातूनच नाही म्हणते. पैसे बरे मिळतात हे ठाऊक आहे. उन्हाळ्यात लग्नसराईच्या चार रात्रींत महिन्याचा खर्च निघेल. पण डीजेच्या भिंतीपुढं तिला उभी करायची नाही, यावर घरात एकमत आहे. आप्पांचंसुद्धा, आणि आप्पा पैशाला चिकट.

बिबट्याचा खर्च आमच्या तालुक्याचा खास. उसात बिबटे आहेत, कुत्री उचलून नेतात, त्यामुळे नुसत्या पत्र्याच्या छपरात घोडी बांधता येत नाही. तबेल्याला विटांची भिंत, वर जाळी, लोखंडी दार, असं करता करता घोडीच्या किमतीपेक्षा तिचं घर महाग झालं. तिचा उपयोगही होतो म्हणा. एका पहाटे उसाच्या कडेला ती अशी थबकली की टाच मारून, गोंजारूनही हलेना. नाकपुड्या फुगलेल्या, मोठ्यानं फुरफुरली, दोन्ही कान उसाकडे. मी मुकाट वळवली. दिवसा शेतमालकानं पाटाच्या ओल्या मातीत पंजे दाखवले.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग ठेवलीत कशाला? नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याचं पाणी आमच्यापासून लांब नाही. हिवाळ्यात तिकडून पक्षी शेतांत उतरतात. मी पायी गेले तर ते दूरवरूनच उडतात. घोडीवरून गेले तर चित्रबलाक करकोचा मान वर करून बघतो आणि पुन्हा चिखलात चोच घालतो. त्याच्या लेखी मी घोडीचाच एक भाग असते. पाटाच्या कडेची माती मऊ आहे, तिथं रेश्मा आपणहून रवाल धरते. या चालीत दुडकीचे धक्के बसत नाहीत. खोगिरात पाण्याचा पेला धरून बसावं, सांडणार नाही, असं आप्पा म्हणतात. मांड पक्की झाली की लगाम बोटांत सैल राहतो आणि वळायचं नुसतं मनात आणलं तरी माझं अंग किंचित झुकतं, ते तिला कळतं. शाळेतल्या सत्तर पोरांना मी ओरडून जे सांगू शकत नाही ते या जनावराला न बोलता समजतं. त्या तासाभरासाठी बाकीचे तेवीस तास आहेत. हा व्यवहार कुठल्याच हिशोबात नफ्याचा बसत नाही. मी तो बसवायचा प्रयत्नही सोडला आहे.

इतक्यात एक गृहस्थ आले होते. मुलाला वाढदिवसाला शिंगरू द्यायचं होतं, व्हिडिओवर पांढऱ्या नुकरा घोड्याचं बघून ठेवलेलं. मुलगा सातवीत, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. शिंगरू फार्महाऊसवर वॉचमन बघेल म्हणाले. पाठीवर बसण्याजोगं व्हायला त्या शिंगराला तीन वर्षं लागतील, तोवर तुमचा मुलगा दहावीत असेल, हे मी बोटं मोजून दाखवलं. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मग म्हटलं, शिंगराआधी नालबंद बघा आणि घोड्याचा डॉक्टर बघा. दोघांचे नंबर मिळाले तर मग सारंगखेड्याला जा, आणि दात बघायला आप्पांना सोबत न्या. गाडीभाडं तुमचं.

मुलाला मात्र माझ्याकडे पाठवा म्हटलं, रविवारी सकाळी सहाला, जुने कपडे घालून. तो येतोय. अजून बसलेला नाही, लीद काढतो. परवा त्यानं रेश्माचा मागचा खूर उचलून त्यातला खडा काढला आणि तिनं तो काढू दिला. वडील गाडीतच बसून असतात, काच वर करून. त्यांना वास सहन होत नाही.